एका मुख्य विंडोत अनेक चाइल्ड विंडो कशा सांभाळाव्यात: आंबा पेढीच्या सॉफ्टवेअरसाठी

एप्रिलमध्ये रत्नागिरीतल्या आंबा पेढीवर कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसाला एक काम पुरं करून मग दुसरं हाती घ्यायची मुभा नसते. पावसच्या बागायतदाराच्या पेट्यांची आवक निम्मी भरून होते, तेवढ्यात वाशीहून दलालाचा फोन येतो आणि कालच्या पट्टीतली (विक्रीच्या हिशोबाच्या कागदातली) रक्कम ताडून बघायची असते. फोन चालू असतानाच उचल मागायला तिसरा माणूस दारात उभा असतो. सॉफ्टवेअर एका वेळी एकच स्क्रीन दाखवत असेल, तर आवक अर्धवट जतन करा किंवा फेकून द्या, एवढेच दोन मार्ग उरतात. अर्धवट जतन केलेली आवक हंगामअखेरच्या हिशोबात हमखास घोळ घालते.

अशा कामाला एमडीआय, म्हणजे मुख्य विंडोच्या आत अनेक चाइल्ड विंडो, ही रचना फार सोयीची पडते. मात्र विंडो उघडणं सोपं आणि सांभाळणं अवघड आहे. कुठली विंडो उघडी आहे, तिच्यात काय टाइप करून ठेवलंय आणि ती बंद झाल्यावर मागे काय उरतं, याची खबर एकाच जागी ठेवली नाही तर हीच सोय डोकेदुखी होते. पुढचा तपशील मुख्यतः डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्सचा, म्हणजे विंडोजवरचे फॉर्म तयार करायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाचा आहे. क्यूटी आणि जावा स्विंग या तशाच इतर साधनांमध्ये जे वेगळं आहे ते नंतर दिलं आहे.

आधी ठरवा, एमडीआय हवंच आहे का

विंडोज 3.0 च्या काळात, म्हणजे 1990 च्या सुमारास, प्रोग्रॅम मॅनेजरसुद्धा एमडीआय होता. पुढे वर्ड 2000 मध्ये प्रत्येक डॉक्युमेंटला स्वतंत्र विंडो मिळाली आणि एक्सेलनेही 2013 च्या आवृत्तीत तेच केलं. यामागे एक साधी अडचण आहे: चाइल्ड विंडो मुख्य विंडोच्या चौकटीबाहेर जात नाही, म्हणून दोन मॉनिटर असतील तर दुसरा रिकामा राहतो. पेढीवर दोन मॉनिटर असतील तर स्वतंत्र विंडोच करा. दोन नोंदी शेजारी-शेजारी ठेवून बघायची गरजच नसेल तर टॅब पुरतात, आणि टॅब सांभाळायला सोपे. एकाच मॉनिटरवर आवक आणि खातं एकत्र डोळ्यांसमोर हवं असेल, तेव्हाच एमडीआयच्या वाटेला जा.

मापं आधीच काढून ठेवा. 1366 बाय 768 च्या स्क्रीनवर 100 टक्के स्केलिंगला टास्कबार, शीर्षक पट्टी, मेनू, टूलबार आणि स्टेटसबार मिळून साधारण 140 पिक्सेल उंची खातात. उरतात सव्वासहाशेच्या आसपास. दोन विंडो शेजारी बसवायच्या तर प्रत्येकीला 680 च्या आत रुंदी मिळते. म्हणून चाइल्ड फॉर्म 660 बाय 580 मध्ये बसेल असाच आखा. डेव्हलपरच्या मोठ्या मॉनिटरवर आखलेला 1100 रुंदीचा फॉर्म पेढीवर गेला की त्याचं ‘जतन करा’ बटण दिसतच नाही.

मांडणी

मुख्य फॉर्मची ‘इज-एमडीआय-कंटेनर’ प्रॉपर्टी ट्रू करा. त्याबरोबर फॉर्मच्या आत ‘एमडीआय-क्लायंट’ नावाचा कंट्रोल आपोआप येतो. उरलेली सगळी जागा तो व्यापतो आणि चाइल्ड विंडो प्रत्यक्षात त्याच्या आत राहतात. इथेच पहिला घोटाळा होतो. मुख्य फॉर्मवर मध्यभागी पॅनेल किंवा लोगोचं चित्र टाकलं तर ते चाइल्ड विंडोच्या वर बसतं. विंडो उघडते, पण दिसत नाही किंवा अर्धी झाकलेली दिसते. मुख्य फॉर्मवर जे काही ठेवायचं ते डाव्या, वरच्या किंवा खालच्या कडेला डॉक करा (चिकटवा), म्हणजे एमडीआय-क्लायंट तेवढा आकसतो आणि कुणी कुणाला झाकत नाही. डॉक ‘फिल’ केलेलं पॅनेल मुख्य फॉर्मवर कधीच नको.

चाइल्ड फॉर्म तयार केल्यावर आधी त्याचा ‘एमडीआय-पेरेंट’ मुख्य फॉर्म आहे असं सांगा आणि मग ‘शो’ करा. ‘शो-डायलॉग’ चालणार नाही. एमडीआय-पेरेंट दिलेला फॉर्म डायलॉग म्हणून उघडायला गेलात की ‘इन्व्हॅलिड-ऑपरेशन’ एक्सेप्शन येतं.

उघडण्याची वाट एकच ठेवा

मेनूच्या क्लिकमध्ये, टूलबारच्या क्लिकमध्ये आणि ग्रिडच्या डबल-क्लिकमध्ये, सगळीकडे नवा फॉर्म तयार करून शो करायची सवय सगळ्यात जास्त नुकसान करते. एकाच बागायतदाराचं खातं तीन वेळा उघडतं. तिन्हीत वेगवेगळे बदल होतात आणि शेवटी जतन केलेलं आधीचं पुसून टाकतं. त्यासाठी मुख्य फॉर्ममध्ये एक डिक्शनरी, म्हणजे उघड्या विंडोंची किल्लीनुसार यादी, ठेवा आणि कुठलीही चाइल्ड विंडो फक्त तिच्यामार्फतच उघडा:

विंडो उघड (प्रकार, क्रमांक):
– किल्ली = प्रकार + क्रमांक, उदाहरणार्थ ‘खाते:412’
– किल्ली यादीत असेल तर: ती विंडो मिनिमाइझ असल्यास नॉर्मल कर, ‘ॲक्टिव्हेट’ कर, आणि इथेच थांब
– नसेल तर: नवा फॉर्म तयार कर, त्याच्या स्वतःच्या प्रॉपर्टीत किल्ली लिहून ठेव
– त्याच्या ‘फॉर्म-क्लोज्ड’ इव्हेंटला जोड: या फॉर्मची किल्ली यादीतून काढ
– यादीत टाक, एमडीआय-पेरेंट दे, शो कर

किल्ली फॉर्मच्या प्रॉपर्टीत ठेवायची, याला कारण आहे. नव्या आवकेला जतन होईपर्यंत क्रमांकच नसतो. तोवर ‘आवक:नवी:’ आणि पुढे एक जीयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) अशी तात्पुरती किल्ली द्या. जतन झाल्याबरोबर ती ‘आवक:1043’ अशी बदला, यादीतही आणि फॉर्मवरही. हे राहून गेलं तर माणूस स्क्रीनवरच्या आवकांच्या यादीतून 1043 वर डबल-क्लिक करतो आणि तीच आवक दुसऱ्या विंडोत उघडते. किल्ली बदलली, पण बंद होतानाचा कोड जुनीच किल्ली काढू बघत असेल, तर यादीत मेलेली विंडो उरते आणि पुढच्या वेळी 1043 उघडतच नाही. म्हणून काढताना फॉर्मला त्याची त्या क्षणाची किल्ली विचारा, उघडतानाची नव्हे.

याच्याच जोडीचा घोटाळा म्हणजे फॉर्म एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवणं. दिसणारी चाइल्ड विंडो बंद झाली की विंडोज फॉर्म्स तिला ‘डिस्पोज’ करतं, म्हणजे कायमची मोडीत काढतं. व्हेरिएबलमध्ये मात्र संदर्भ राहतो. तोच परत शो केला की ‘ऑब्जेक्ट-डिस्पोज्ड’ एक्सेप्शन येतं. यावर उपाय म्हणून क्लोज ऐवजी हाइड करणारे बरेच आहेत. तसं करू नका. लपवलेली विंडो आपले सगळे कंट्रोल धरून बसते, शिवाय न दिसणारी चाइल्ड विंडो नंतर क्लोज केली तरी ती आपोआप डिस्पोज होत नाही, तुम्हालाच करावी लागते.

कुठल्या विंडो किती, हे प्रकारानुसार ठरवा. भावाचा तक्ता आणि सेटिंग यांची एकच विंडो. खात्याची दर बागायतदारामागे एक. आवक आणि पट्टी मात्र हव्या तितक्या.

‘हव्या तितक्या’लाही मर्यादा आहे. विंडोजमध्ये एका प्रोसेसला मूळ सेटिंगनुसार 10,000 यूजर ऑब्जेक्ट (विंडो, मेनू यांसारख्या गोष्टी) मिळतात आणि विंडोज फॉर्म्समध्ये प्रत्येक टेक्स्टबॉक्स, लेबल, बटण हे स्वतंत्र विंडो हँडल असतं. चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी अशा प्रत्येक पेटीसाठी आणि प्रत्येक प्रतीसाठी वेगळा टेक्स्टबॉक्स ठेवलात तर एका फॉर्मवर सहज 120 कंट्रोल होतात. अशा ऐंशी विंडो म्हणजे 9,600. तिथून पुढे ‘एरर क्रिएटिंग विंडो हँडल’ येऊन सॉफ्टवेअर कोसळतं. त्याऐवजी डेटा-ग्रिड-व्ह्यू वापरा. सेल कितीही असले तरी प्रत्येक सेलला वेगळं हँडल लागत नाही. बारा विंडो उघड्या झाल्या की ‘एखादी बंद करा’ अशी सूचना स्टेटसबारवर दाखवणंही चांगलं. बारापलीकडे माणसालाच आपली विंडो सापडत नाही.

नाव, यादी आणि मांडामांड

‘विंडो’ नावाचा मेनू करा आणि मेनू-स्ट्रिपची ‘एमडीआय-विंडो-लिस्ट-आयटम’ प्रॉपर्टी त्याच्याकडे वळवा. उघड्या विंडोंची यादी तिथे आपोआप येते. नऊपर्यंत नावं थेट दिसतात, त्यापुढच्या ‘आणखी विंडो’त जातात. यादीत दिसतं ते फॉर्मचं शीर्षक. सगळ्यांचं शीर्षक ‘आवक नोंद’ असेल तर त्या यादीचा काही उपयोग नाही. आधी क्रमांक, मग गाव आणि नाव, आणि जतन व्हायचं बाकी असेल तर शेवटी तारा: ‘1043 पावस, सावंत *’. विंडो मॅक्सिमाइझ केली की हे शीर्षक मुख्य विंडोच्या शीर्षकात चौकोनी कंसात जाऊन बसतं आणि लांब असेल तर शेवट कापला जातो, म्हणून महत्त्वाचं ते पुढे.

मांडणीसाठी ‘लेआउट-एमडीआय’ आहे. ‘टाइल-व्हर्टिकल’ने विंडो शेजारी-शेजारी बसतात, ‘टाइल-हॉरिझाँटल’ने एकाखाली एक. नावांवरून उलट वाटतं आणि मेनूत हमखास अदलाबदल होते. मेनूत सरळ मराठीत ‘शेजारी-शेजारी’ आणि ‘एकाखाली एक’ असंच लिहा आणि दोन्ही दाबून बघा. एक विंडो मॅक्सिमाइझ असताना दुसरी पुढे आणली की तीही मॅक्सिमाइझ होते. त्यामुळे काही फॉर्मना मॅक्सिमाइझ बटण आणि काहींना नाही, असं मिश्रण नको. विंडो बदलताना आकार विचित्र उड्या मारतात.

विंडोची जागा पुढच्या वेळेसाठी जतन करताना ती मॅक्सिमाइझ किंवा मिनिमाइझ असेल तर ‘बाउंड्स’ नको, ‘रिस्टोअर-बाउंड्स’ घ्या. चाइल्ड विंडोची जागा एमडीआय-क्लायंटच्या कोपऱ्यापासून मोजली जाते, स्क्रीनच्या नव्हे. ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर ठेवलेली जागा पॅकिंग शेडमधल्या लहान स्क्रीनवर आणली की विंडो चौकटीबाहेर उघडते. उघडण्याआधी क्लायंटच्या मापाशी ताडून आत ओढून घ्या.

मेनू मुख्य फॉर्मवरच ठेवा

चाइल्डचा मेनू मुख्य मेनूत मिसळायची सोय आहे: ‘अलाउ-मर्ज’, ‘मर्ज-ॲक्शन’, ‘मर्ज-इंडेक्स’. टूलस्ट्रिप (टूलबार) मात्र आपोआप मिसळत नाहीत, ते काम ‘टूलस्ट्रिप-मॅनेजर’च्या ‘मर्ज’ आणि ‘रिव्हर्ट-मर्ज’ने करावं लागतं. आमचा सल्ला असा की हे वापरूच नका. दिवसभर तेच काम करणारा माणूस मेनू वाचत नाही, जागा लक्षात ठेवतो. विंडो बदलली की ‘छापा’ची जागा सरकते आणि हात चुकतो. सगळे मेनू मुख्य फॉर्मवर कायम ठेवा. प्रत्येक चाइल्डला एक इंटरफेस द्या (जतन करता येतं का, छापता येतं का, शोधता येतं का) आणि ‘एमडीआय-चाइल्ड-ॲक्टिव्हेट’ इव्हेंटमध्ये त्याप्रमाणे बटणं चालू-बंद करा. शेवटची विंडो बंद झाली की ‘ॲक्टिव्ह-एमडीआय-चाइल्ड’ नल असतो. ही तपासणी राहिली की दिवसाअखेरीस सगळं आवरताना नल रेफरन्सची एरर येते.

एका विंडोतला बदल दुसरीत

412 क्रमांकाच्या खात्याची आवक जतन झाली आणि तेच खातं शेजारी उघडं आहे. आवकेच्या फॉर्ममधून खात्याच्या ग्रिडला हात लावू नका. आवकेने एवढंच जाहीर करावं: ‘खाते 412 बदललं’. ज्यांना गरज आहे त्या विंडो ऐकतील. ऐकणाऱ्या विंडोत जतन न केलेलं काही असेल तर तिच्यावर नवा डेटा ओतायचा नाही. वरच्या कडेला एक पट्टी दाखवायची, ‘या खात्यात नवी नोंद झाली आहे’, आणि शेजारी ‘ताजं करा’ बटण.

ऐकायला जोडलेला हँडलर ‘फॉर्म-क्लोज्ड’मध्ये सोडवा. नाही सोडवला तर जाहीर करणारा ऑब्जेक्ट बंद झालेल्या विंडोला धरून ठेवतो. मेमरी वाढत जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे बदल जाहीर झाला की बंद विंडोचा कोड चालतो आणि डिस्पोज झालेल्या ग्रिडला हात घालतो. ‘काहीच केलं नाही तरी एरर येते’ अशी तक्रार आली की आधी हेच तपासा.

दोन कॉम्प्युटरवर तीच नोंद उघडी असेल तर उघड्या विंडोंची ही यादी उपयोगाची नाही. तिथे टेबलमध्ये आवृत्ती क्रमांकाचा कॉलम ठेवा आणि अपडेट करताना क्रमांकाबरोबर आवृत्तीचीही अट घाला. शून्य ओळी बदलल्या तर मध्ये कुणीतरी जतन केलं आहे, असं समजा.

मेसेजबॉक्स हातचा राखून वापरा. तो आणि डायलॉग दोन्ही सगळं सॉफ्टवेअर अडवून ठेवतात, म्हणजे फोन आला की पुन्हा एकच स्क्रीन. ‘वजन भरा’ हे सांगायला फॉर्मवरच लाल ओळ पुरते.

मराठी टाइप करताना आणखी एक अडचण येते. नावाच्या रकान्यासाठी मराठी कळफलक लावलेला असतो. कंट्रोल-टॅब दाबून दुसऱ्या विंडोतल्या रकमेवर आलं तरी तोच चालू राहतो आणि काही मराठी कळफलकांवर अंक देवनागरीत उमटतात. डॉटनेटचं ‘डेसिमल-पार्स’ देवनागरी अंक स्वीकारत नाही. रकमेच्या रकान्याच्या ‘एंटर’ इव्हेंटमध्ये इनपुट भाषा बदला, आणि तरीही आलेच तर ‘कॅर’ प्रकारातल्या ‘गेट-न्यूमेरिक-व्हॅल्यू’ने प्रत्येक अंक बदलून मगच पार्स करा.

बंद करताना

एक चाइल्ड बंद होताना काही जतन व्हायचं असेल तर ‘फॉर्म-क्लोजिंग’मध्ये विचारा आणि ‘बंद करायचं नाही’ म्हटलं तर ‘कॅन्सल’ ट्रू करा. हे सोपं आहे. अवघड आहे मुख्य विंडो बंद होणं. त्या वेळी आधी प्रत्येक चाइल्डचा फॉर्म-क्लोजिंग चालतो, ‘क्लोज-रीझन’ असतं ‘एमडीआय-फॉर्म-क्लोजिंग’, आणि मुख्य फॉर्मचा फॉर्म-क्लोजिंग त्यानंतर येतो. प्रत्येक चाइल्डने विचारायचं ठरवलं तर सहा अर्धवट विंडोंसाठी सहा प्रश्न येतात. तिसऱ्या प्रश्नानंतर कुणी वाचत नाही, आणि ‘नाही, नाही, नाही’ दाबताना खरी आवक उडते.

म्हणून चाइल्डने क्लोज-रीझन बघावं आणि ते एमडीआय-फॉर्म-क्लोजिंग असेल तर गप्प राहावं. मुख्य फॉर्मच्या फॉर्म-क्लोजिंगपर्यंत सगळ्या चाइल्ड विंडो जिवंतच असतात. तिथे ‘एमडीआय-चिल्ड्रन’मधून अर्धवट असलेल्या गोळा करा आणि एकाच डायलॉगमध्ये यादी दाखवा: प्रत्येकीपुढे खूण करायचा चौकोन, खाली ‘निवडलेल्या जतन करा’, ‘तशाच बंद करा’ आणि ‘परत जा’. एखादी जतन होताना एरर आली तर कॅन्सल ट्रू करा आणि तीच विंडो पुढे आणा.

कोकणात मात्र सॉफ्टवेअर बंद होतं ते बऱ्याचदा वीज गेल्यामुळे. वळवाच्या सरी ऐन हंगामात, मे महिन्यात येतात आणि जुना यूपीएस किती वेळ टिकेल ते सांगता येत नाही. प्रत्येक विंडोत टायमर नको, मुख्य फॉर्मवर एकच ठेवा. दर 20 ते 30 सेकंदांनी तो एमडीआय-चिल्ड्रनवरून फिरेल आणि ज्या विंडोत बदल झालाय तेवढ्यांचाच मसुदा किल्लीसह कॉम्प्युटरवरच्या एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस) फाइलमध्ये लिहील. साधी फाइल वापरत असाल तर आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा आणि मग नाव बदला, नाहीतर लिहिता लिहिता वीज गेली की जुना मसुदाही गेला. सॉफ्टवेअर सुरू झालं की मसुदे असतील तर त्या विंडो त्याच ‘उघड’ फंक्शनमधून उघडा. तात्पुरत्या किल्ल्यांसकट, म्हणजे नव्या आवकाही परत येतात. जतन झालं की त्या किल्लीचा मसुदा पुसायला विसरू नका.

क्यूटी आणि स्विंग

क्यूटीत ‘क्यू-एमडीआय-एरिया’ आणि ‘क्यू-एमडीआय-सब-विंडो’. सब-विंडो स्वतः तयार करत असाल तर ‘डिलीट-ऑन-क्लोज’ ॲट्रिब्यूट लावावंच लागतं. नाही लावलं तर बंद केलेली विंडो नुसती लपते आणि पुढची विंडो आपोआप ॲक्टिव्ह होत नाही. ‘सेट-व्ह्यू-मोड’ने तीच रचना टॅबमध्ये दाखवता येते. काहींना टॅब आणि काहींना विंडो आवडत असतील तर ही मोठी सोय आहे. स्विंगच्या ‘जे-इंटर्नल-फ्रेम’ला माप दिलं नाही किंवा ‘सेट-व्हिजिबल’ केलं नाही तर काहीच दिसत नाही, आणि साध्या कन्स्ट्रक्टरने केलेल्या फ्रेमला बंद करायचं बटणही नसतं. डॉटनेटच्याच डब्ल्यूपीएफ या दुसऱ्या साधनात एमडीआय मुळातच नाही. तिथे टॅब किंवा डॉकिंगची लायब्ररी घ्या.

पेढीवर देण्याआधी तपासा

माउसला हात न लावता: कंट्रोल-एफ6 ने पुढची विंडो, कंट्रोल-एफ4 ने चालू विंडो बंद, ऑल्ट आणि हायफनने चाइल्डचा सिस्टिम मेनू. यातली कुठलीही कळ स्वतःच्या शॉर्टकटसाठी वापरलेली नसावी.

टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये कॉलमच्या नावावर राइट-क्लिक करून ‘यूजर ऑब्जेक्ट्स’ हा कॉलम चालू करा. आकडा टिपा, खात्याची विंडो वीस वेळा उघडा-बंद करा, पुन्हा बघा. आकडा साधारण मूळ जागी यायला हवा. चढत गेला तर कुठेतरी विंडो बंद होण्याऐवजी लपते आहे.

मग तीन आवका अर्धवट भरा, त्यातली एक मिनिमाइझ करा, एक मॅक्सिमाइझ, आणि अर्धा मिनिट थांबून टास्क मॅनेजरमधूनच सॉफ्टवेअर मारा. पुन्हा सुरू केल्यावर तिन्ही आवका शेवटच्या पेटीपर्यंत परत यायला हव्यात, आणि एक जतन करून तिच्याच क्रमांकावर आवकांच्या यादीत डबल-क्लिक केलं तर नवी विंडो न उघडता तीच पुढे यायला हवी.